बेबीला कोण उचलणार

माझं काम मोजायचं. दाराची रुंदी, पलंगाची उंची, संडासाच्या भांड्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर, उंबऱ्याचा चढ. ज्यांना चालता येत नाही, ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात धड चालत नाहीत, त्यांच्या घरी जायचं, काय बसवलं तर त्यांचं रोजचं जगणं सोपं आणि बिनधोक होईल ते बघायचं, आणि आमच्या केंद्रातून ती वस्तू त्यांच्या घरात पोचवायची. कुणाला भिंतीत आधाराची दांडी, कुणाला चाकाची खुर्ची, कुणाला दारावर कुणी आलं की लुकलुकणारा दिवा. पर्समध्ये टेप असते म्हणून ऑफिसात मला सगळे टेपवाली म्हणतात. बावीस वर्षं झाली. आता खरं नाव कुणी घेतलं तर मीच मागे वळून बघत नाही.

ही गोष्ट दोन बहिणींची आहे, आणि थोडी माझ्या चुकीचीही.

आमच्याकडे एका डॉक्टरांची चिठ्ठी आली. डॉक्टर लोक लिहितात त्या मानानं अक्षर बरं होतं. ‘बाईंची पाठ कामातून गेली आहे. वय एकोणसत्तर. धाकट्या बहिणीला दिवसातून आठ-नऊ वेळा उचलतात. हे ताबडतोब थांबलं पाहिजे.’ खाली पत्ता.

पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दार थोरलीनं उघडलं. उंचीला बेताची, पण मनगटं बघावीत तर पहिलवानाची. पस्तीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम केलेलं. पुठ्ठे कापायचे, दाबयंत्राचं चाक फिरवायचं, गठ्ठे उचलायचे. अख्खी इमारत तिला ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणू लागले.

“त्या डॉक्टरला मी पाठदुखीची गोळी मागितली होती,” ताई म्हणाली. “त्यानं तुम्हाला पाठवलं. या, आत या. आलाच आहात तर चहा घ्या.”

धाकटी जिन्याकडच्या खिडकीजवळ खुर्चीत बसली होती. बासष्ट वर्षांची, पांढरे केस, नाकावर चष्मा, आणि नाव बेबी. दोन वर्षांची असताना तापात दोन्ही पाय आणि डावा हात गेला. उजवा हात मात्र शाबूत, आणि डोकं तर तलवारीसारखं. एका साप्ताहिकासाठी ती शब्दकोडी तयार करायची. मांडीवर पाट, पाटावर चौकटींचा कागद.

“मला बेबीताई म्हणा,” ती म्हणाली. “नुसतं बेबी म्हणालात तर दुपारी बाटलीनं दूध पाजाल अशी भीती वाटते.”

मी हसले. ताईही हसली, पण तिचं लक्ष माझ्या टेपकडे होतं.

मी मोजायला लागले. पलंग ते न्हाणीघर सोळा फूट. वाटेत एक वळण. न्हाणीघराचा उंबरा दोन इंच. फरशी गुळगुळीत. ताई माझ्या मागे मागे फिरत होती, जशी घर विकत घ्यायला आलेल्या माणसाच्या मागे घरमालकीण फिरावी.

“किती वर्षं उचलताय तुम्ही यांना?”

“आई गेली तेव्हा मी सव्वीसची होते. करा हिशोब.” मग तीच म्हणाली, “त्रेचाळीस. कामावर होते तेव्हा जेवायच्या सुट्टीत बस पकडून धावत घरी यायचे. हिला उठवायचं, नेऊन आणायचं, दोन घास भरवायचे आणि परत धावायचं. एक दिवस चुकला नाही.”

“आणि आता पाठ?”

“पाठ आहे म्हटल्यावर दुखणारच.”

मी पिशवीतून पुस्तिका काढली आणि तिला ते यंत्र दाखवलं. छताला एक लोखंडी पट्टी बसवायची, पलंगापासून थेट न्हाणीघरापर्यंत. पट्टीवरून सरकणारी छोटी मोटर. मोटरीतून खाली येणारा पट्टा, आणि त्याला अडकवायची कापडी झोळी. माणसाला झोळीत बसवलं की बटण दाबायचं. माणूस अलगद वर येतो, पट्टीवरून सरकतो, जिथे हवं तिथे खाली उतरतो. उचलणाऱ्याच्या पाठीवर काडीचा भार नाही. आमचा मिस्त्री त्याला पाळणा म्हणतो.

ताईनं पुस्तिका हातातसुद्धा घेतली नाही.

“बघा,” ती म्हणाली आणि बेबीजवळ गेली. डावा हात बेबीच्या काखेतून पाठीमागे, उजवा गुडघ्यांखाली. “एक. दोन. आणि तीन.” तीनला बेबी वर होती. ताईनं तिला पलंगापाशी नेलं, अंगावरची चादर बाजूला करायला कोपर वापरलं, आणि अंडं ठेवावं तशी तिला उशीला टेकवली. नाचणाऱ्या माणसाच्या अंगात असते तशी सफाई होती. मी इतक्या घरांतून इतकी माणसं उचलली जाताना बघितली, पण तसं उचलणं मी दुसरीकडे बघितलं नाही.

मात्र त्यानंतर ताईनं भिंतीला हात टेकवला. क्षणभरच. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता आणि तोंड कागदासारखं पांढरं पडलं होतं.

“हिचा डावा खांदा नीट धरला नाही तर निखळतो,” ती म्हणाली. “तुमच्या मोटरीला ते माहीत आहे?”

मी पलंगाकडे वळले. “बेबीताई, तुम्हाला काय वाटतं?”

बेबीनं ताईकडे बघितलं. मग पुस्तिकेकडे. मग परत ताईकडे.

“ताई आहे ना,” ती म्हणाली. “मशीन कशाला?”

ताईचा जीव भांड्यात पडला. तिनं रबरी चटई ठेवून घेतली. न्हाणीघरात दांडी बसवायलाही हो म्हणाली. गळ्यात घालायचं बटण मी पुढे केलं. पडलं-झडलं तर दाबायचं, शेजारी आणि केंद्रात घंटा वाजते. ते तिनं परत माझ्या पिशवीत टाकलं. “आम्ही काय हरवणाऱ्या गाई आहोत, गळ्यात घंटा बांधायला?”

चहाचे कप घेऊन ती आत गेली. पाण्याचा आवाज यायला लागला तसा बेबीनं उजव्या हातानं माझी बाही धरली. पकड घट्ट होती.

“ताई गुरुवारी पाठ शेकायला दवाखान्यात जाते,” ती हळूच म्हणाली. “साडेदहा ते बारा. तुम्ही परत याल का? मी एकटी असताना?”

“येईन,” मी म्हणाले. “नक्की येईन.”

ऑफिसात येऊन मी फॉर्म भरला. ‘उचलण्याचं यंत्र: कुटुंबानं नाकारलं.’ खाली सही.

त्या गुरुवारी एका शाळेत चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचं काम अडलं होतं, तिकडे गेले. पुढच्या गुरुवारी आमच्याकडे तपासणीला वरचे साहेब यायचे होते, सगळ्यांनी हजर राहायचं असा हुकूम निघाला होता. मला आठवण नव्हती असं नाही. दोन्ही गुरुवारी सकाळी आठवण होती. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मी मनाशी म्हणाले. कागदावर ते काम संपलेलं होतं, आणि कागदावर संपलेलं काम मनातही मागे सरकतं.

दुसऱ्या गुरुवारनंतरच्या मंगळवारी त्या दोघी पडल्या.

नंतर बेबीनं मला सगळं सांगितलं, म्हणून मला ते ठाऊक आहे. सकाळचे आठ वाजले असतील. न्हाणीघरातल्या खुर्चीवरून ताई तिला उचलत होती. एक, दोन झालं. तीन झालं. आणि ताईच्या कंबरेत काहीतरी कडकन वाजलं. बेबीला तो आवाज ऐकू आला. पडता पडता ताईनं अंग वळवलं आणि स्वतः खाली गेली, बेबी तिच्यावर पडली. बेबीला खरचटलंसुद्धा नाही. ताईच्या खुब्याचं हाड मोडलं.

एकीला उठता येत नव्हतं, दुसरीला कधीच आलं नव्हतं. रबरी चटई खाली होती, नवी दांडी भिंतीत होती, पण त्या दांडीपर्यंत दोघींपैकी कुणाचा हात पोचत नव्हता. आधी त्यांनी हाका मारल्या. शेजारचे पोस्टमास्तर, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, कानानं जरा कमी. ते दोन भिंतींपलीकडे रेडिओ लावून बसलेले. मग हाका थांबल्या.

“मग आम्ही गप्पा मारल्या,” बेबी मला म्हणाली. “दुसरं काय करणार?”

ताई तिला आईच्या आठवणी सांगत राहिली. दुखणं वाढलं की गप्प व्हायची, ओसरलं की परत सुरू. फरशीचा गारवा अंगात शिरत होता. ताईनं कसाबसा दोरीवरचा टॉवेल ओढून बेबीच्या पाठीवर टाकला. स्वतःला काही घेतलं नाही. तिच्या अंगावर बेबी होती, तेच तिचं पांघरूण.

दुपारी कधीतरी, ऊन झरोक्यातून खाली उतरलं होतं तेव्हा, बेबी म्हणाली, “ताई, मला ते मशीन हवं होतं.”

ताईनं डोळे मिटून घेतले. बेबीला वाटलं, तिची शुद्ध गेली.

“मग बोलली का नाहीस?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“मग आता काय मला फार बरं वाटतंय?” ताई म्हणाली.

आणि दोघींना हसू आलं. हसलं की ताईला कळ यायची, कळ आली की ती ‘अगं आई गं’ म्हणायची, त्यावर बेबीला अजून हसू यायचं. ते शांत झालं तेव्हा ताई म्हणाली, “मला वाटायचं, मी उचललं नाही तर तुझ्याजवळ येण्याचं मला कारणच उरणार नाही.”

“काय बोलायचं असतं यावर?” बेबीनं मला विचारलं होतं. “तुम्हीच सांगा. मला सुचलं नाही. मी नुसता तिचा कान चोळत बसले. माझा हात तिच्या कानाजवळच अडकला होता.”

तीन वाजता पोस्टमास्तर बाहेर आले आणि त्यांना दिसलं की ताईंचं सकाळी आलेलं साप्ताहिक अजून कडीतच आहे. बेबीच्या कोड्याचा अंक होता तो. त्या अंकाला ताई कधी उशीर करायची नाही. त्यांनी दार वाजवलं, मग खिडकीतून वाकून बघितलं, मग मिळेल त्याला गोळा करून दार फोडलं.

ताईला इस्पितळात नेलं. बेबीची सोय एका संस्थेत केली.

मला चार दिवसांनी कळलं. मी त्याच दिवशी संस्थेत गेले. लांबलचक खोली, चौदा पलंग, सगळ्या चादरी एकाच रंगाच्या. बेबी खिडकीपासून सर्वांत लांबच्या पलंगावर होती. तिचे केस कुणीतरी सोयीसाठी आखूड कापले होते.

“इथली माणसं वाईट नाहीत,” ती म्हणाली. “पण एक-दोन-तीन म्हणत नाहीत. मी आपली पडलेली असते आणि एकदम हवेत असते.”

मी शेजारी बसले. मग म्हणाले, “मी आले नाही. त्या दोन्ही गुरुवारी.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “ताई जायच्या आधी मी तिच्याकडून वेणी घालून घेतली होती. दोन्ही वेळा. म्हटलं, पाहुणी येणार. ताई म्हणाली, आज एवढा नट्टापट्टा कशाला? मी म्हटलं, कोड्याला नवीन शब्द भेटायला येणार आहेत.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते बघितलं, पण मला समजावलं नाही.

“मी आले असते तर,” मी म्हणाले.

“तर मशीनला किती दिवस लागले असते?”

“तीन आठवडे. महिना.”

“म्हणजे तरीही ताई त्या मंगळवारी मला उचलणारच होती.” ती थांबली. “मी हे रोज मोजते. कधी तुमची चूक निघते, कधी माझी, कधी ताईची. उत्तर रोज वेगळं येतं. तुम्हाला एकच सांगते, पुढच्या घरी असं करू नका.”

मी मान हलवली. त्या दिवसापासून मी कुठल्याही घरात गेले की घरातल्या बाकीच्यांना म्हणते, दहा मिनिटं बाहेर थांबा. काही लोकांना राग येतो. येऊ दे.

यंत्र मी अकरा दिवसांत बसवून घेतलं. किती टेबलांवर जाऊन भांडले ते सांगत बसत नाही. मिस्त्रीनं शिडीवर चढून हातोडीच्या दांड्यानं छत वाजवलं, इंचाइंचानं, कान लावून. “बाई, छत खणखणीत आहे,” तो म्हणाला. “हत्ती टांगा.” मग बेबीच्या पलंगाची जागा बघून म्हणाला, “पण पट्टी एकाच पलंगावरून नेऊ नका. थोरल्या बाई घरी येतील तेव्हा त्याही काय उभ्या राहणार आहेत थोड्याच?” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पट्टी दोन्ही पलंगांवरून नेली.

मिस्त्रीचं म्हणणं खरं ठरलं. ताईचं ऑपरेशन झालं, पण हाड नीट धरेना. सहा आठवड्यांनी ती घरी आली ती स्ट्रेचरवरून. निम्मी झाली होती. मनगटं तेवढी तशीच होती, बाकीच्या शरीरापेक्षा मोठी. त्याच सकाळी बेबीलाही घरी आणलं. केंद्रातून एक मदतनीस ठरवली होती, शांत बाई, कामात चलाख.

ताईनं छताकडे बघितलं. “बसवलंच तर शेवटी.”

“बसवलं,” बेबी म्हणाली.

ताईला न्हाणीघरात न्यायचं होतं. मदतनीस बाईनं तिला कुशीवर वळवून खाली झोळी सरकवली, पुढून पट्टे ओढून घेतले, चारही फास आकड्यांत अडकवले आणि प्रत्येक फास ओढून बघितला. बटणाचा ठोकळा एका वायरीला लोंबत होता. मदतनीस तो घेणार, तेवढ्यात बेबी म्हणाली, “तो माझ्याकडे द्या.”

तिची खुर्ची ताईच्या पलंगाला लावलेली होती. ठोकळा तिच्या उजव्या हातात दिला. वरच्या बाणाचं बटण कुठलं, खालच्याचं कुठलं, ते मी दाखवलं.

“बेबी, हळू हं,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात मी पहिल्यांदाच भीती ऐकली.

“एक,” बेबी म्हणाली. “दोन. आणि तीन.”

मोटर घरघरली. पट्टे ताणले. ताई गादीपासून वेगळी झाली, एक वीत, दोन वीत. पाय लोंबकळले. तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

“कुणाचा हातच लागत नाही गं,” ती म्हणाली. लहान मूल म्हणतं तसं.

“माझा अंगठा आहे ना बटणावर,” बेबी म्हणाली. “बघ. डोळे उघड.”

ताईनं डोळे उघडले. खाली बेबी बसलेली, मान वर करून तिच्याकडे बघणारी. आजवर कायम उलटं होतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मदतनीस माझ्याकडे बघायला लागली, आता ढकलू का, अशा नजरेनं. मी तिला खुणेनं थांबवलं.

“बासष्ट वर्षांनी मी तुला उचललं,” बेबी म्हणाली.

“मग आता उतरव,” ताई म्हणाली. “मला लागलीय.”

त्यानंतर चार महिने त्या दोघी तशा राहिल्या. मी दर आठवड्याला जात होते. पट्टे झिजलेत का ते बघायला, असं म्हणायचे. दोघींच्या गळ्यांत बटणं होती. ताईनं पहिल्या दिवशी हंबरून दाखवलं, पण बटण काढलं नाही. बेबी कोड्यासाठी आडवे-उभे शब्द विचारायची आणि ताई पलंगावरून मुद्दाम चुकीचे सांगायची. एकदा ताई मला म्हणाली, “हिला माझ्याशिवाय इतकं येत असेल हे मला कुणी सांगितलंच नाही.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “म्हणजे, मी कुणाला सांगू दिलं नाही.”

मग तिच्या छातीत कफ भरला. आडव्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे होतं, डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. इस्पितळात जायला ती तयार झाली नाही. आठ दिवस श्वास जड होत गेला. शेवटच्या दिवशी, दुपारी, मदतनीस स्वयंपाकघरात होती. बेबीनं आपली खुर्ची ताईच्या पलंगाला चिकटवून घेतली होती आणि ती तिला नवं कोडं वाचून दाखवत होती. एका शब्दाचं उत्तर ताईनं दिलं. पुढच्याचं दिलं नाही.

बेबीनं गळ्यातलं बटण दाबलं. मी पोचले तेव्हा पोस्टमास्तर दारात उभे होते, चष्मा पुसत. बेबी रडत नव्हती. “हिला नेताना एक-दोन-तीन म्हणा,” एवढंच ती न्यायला आलेल्या माणसांना म्हणाली. त्यांनी म्हटलं.

पंधरा दिवसांनी त्यांचा एक चुलतभाऊ आला. चांगला माणूस, पण घाईतला. बेबीसमोर उभं राहून तो मला म्हणाला, “आता हिला संस्थेत ठेवणंच बरं, नाही का? एकटी काय करणार ही?”

“ही इथेच बसलीय,” मी म्हणाले. “तिलाच विचारा. आणि तुम्ही जरा बाहेर थांबलात तर मीही विचारीन.”

तो चपापला आणि बाहेर गेला.

“बोला बेबीताई,” मी टेप काढत म्हणाले. “काय हवंय?”

बासष्ट वर्षांत हा प्रश्न तिला फारसा कुणी विचारला नसावा. मग ती सांगायला लागली आणि थांबेचना. मदतनीस होती तशीच ठेवायची. दिव्याची बटणं खाली. ओट्याचा एक भाग बसून हात पोचेल इतका खाली, म्हणजे स्वतःचा चहा स्वतः करता येईल. एका हातानं चालवता येईल अशी मोटरची खुर्ची. दाराला आतून उघडणारं बटण. आणि गॅलरीचा उंबरा काढायचा.

“गॅलरीत गेलेच नाहीये कधी,” ती म्हणाली. “चार इंचांचा उंबरा आहे. मला घेऊन तो ओलांडायला ताईला भीती वाटायची, कठडा बुटका म्हणून. ती म्हणायची, बघण्यासारखं काही नाही तिथे.”

सगळं व्हायला अडीच महिने लागले. पहिला चहा तिनं केला तेव्हा मी होते. पावडर किती घालतात हे तिला माहीत नव्हतं. काळा कडू काढा झाला. आम्ही दोघी तो पूर्ण प्यायलो.

उंबऱ्याचं काम शेवटी ठेवलं होतं. मिस्त्रीनं छिन्नीनं तो फोडला, जागा सपाट करून घेतली, कठड्यावर अजून एक आडवी सळई चढवली. सिमेंट वाळायला तीन दिवस दिले. चौथ्या दिवशी, सकाळी, आम्ही परत गेलो. पोस्टमास्तरही आले.

बेबीनं खुर्चीची दांडी पुढे ढकलली. खुर्ची न अडखळता बाहेर गेली. ती कठड्यापाशी थांबली आणि खाली बघायला लागली. खाली काय होतं? एक साधा रस्ता. किराणा दुकान, सायकल दुरुस्तीवाला, शाळेला जाणाऱ्या मुली, कोपऱ्यावर एक झाड आणि झाडाभोवती बांधलेला पार. ती एकेक गोष्ट बोटानं दाखवून विचारत होती आणि पोस्टमास्तर सांगत होते. त्यांना आवडत होतं ते.

“आणि तो पार?” बेबीनं विचारलं.

“तो होय? तिथे ताई बसायच्या,” ते म्हणाले. “कामावरून आल्या की. रोज.”

“कधी?”

“संध्याकाळी. वर यायच्या आधी. पिशवी बाजूला ठेवून नुसत्या बसायच्या. दहा मिनिटं, कधी पंधरा. कधी डोळे मिटून. मी एकदा विचारलं, काय ताई, बरं नाही का? तर म्हणाल्या, नाही हो, वर जायच्या आधी जरा तोंड नीट करून घेते.”

पोस्टमास्तरांना आपण काहीतरी बोलून बसलो हे उशिरा कळलं आणि ते उगाच सळई हलवून बघायला लागले.

“मला म्हणायची, बस उशिरा आली,” बेबी म्हणाली. “रोज म्हणायची. मी म्हणायचे, या बसवाल्यांविरुद्ध तक्रार कर. एकदा मी स्वतः पत्र लिहिलं होतं बस कंपनीला. चांगलं दोन पानी.”

तिचा उजवा हात कठड्यावर होता. त्या हाताची बोटं सळईवर घट्ट झाली. मग तिचे खांदे हलायला लागले. ताई गेली तेव्हा मी तिला रडताना बघितलं नव्हतं. आता ती रडत होती, तोंड न झाकता, कारण झाकायला दुसरा हात नव्हता आणि तो एक हात तिला कठड्यावर हवा होता.

मिस्त्रीनं हत्यारं आवाज न करता पिशवीत भरली आणि आतल्या खोलीत जाऊन उभा राहिला. मी तिच्या खुर्चीमागे थांबले. तिला आत नेऊ का, असं विचारणार होते. पण आता आत जायचं की नाही, ते तिचं तिला ठरवता येत होतं. खुर्चीची दांडी तिच्याच हाताशी होती. म्हणून मी काही विचारलं नाही.

खाली शाळेची घंटा झाली. मुली पळत सुटल्या. पार रिकामाच होता. बेबी त्याच्याकडे बघत बराच वेळ तिथे बसली.